'बॅटरी लो' दिसतंय? कीबोर्डचं झाकण उघडायच्या आधी टोन बाहेर काढा

आमच्या गावच्या बँजो पार्टीचा जुना कीबोर्ड चालू केला की पडद्यावर इंग्रजीत दोन शब्द यायचे, 'बॅटरी लो'. चार महिने येत होते. पोरं एक बटण दाबायची, शब्द जायचे, वाजवणं सुरू. कुणी विचारलं तर उत्तर ठरलेलं. "हा तर लाईटवर चालतो, याला कुठली आलीय बॅटरी? डोकं फिरलंय त्याचं."

यात्रेला आठ दिवस राहिले असताना एक पट्टी अडकायला लागली म्हणून कीबोर्ड शहरात दुरुस्तीला नेला. दुरुस्ती करणाऱ्यानं पट्टी नीट बसवली आणि आत दिसली म्हणून बटणाएवढी बॅटरीही बदलून दिली. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. घरी आणून चालू केला तर 'बॅटरी लो' गेलेलं. आणि त्याच्याबरोबर पंधरा वर्षांत बसवलेले सगळे टोनही गेलेले. कारखान्यातून आलेले पियानो, व्हायोलिन जागेवर होते. पण पालखी देवळातून बाहेर पडताना वाजायची ती सनई नव्हती, गोंधळाच्या गाण्याचा संबळ नव्हता. ते टोन ज्यांनी बसवले ते पार्टीचे जुने कीबोर्डवाले दोन वर्षांपूर्वी वारले. वही ठेवायची त्यांना सवय नव्हती.

त्या रात्री पार्टीतला पोरगा घरी आला. "काका, तुम्ही बातम्या करता, नेटवर बघत असता. परत नाही का आणता येणार?" मी शोधलं, दोघा-तिघा जाणकारांना फोन केले. उत्तर एकच, नाही. बॅटरी काढायच्या आधी दोन मिनिटं दिली असती तर सगळं वाचलं असतं. ती दोन मिनिटं कशी द्यायची, हे आपल्या तालुक्यातल्या बाकीच्या पार्ट्यांना, ऑर्केस्ट्रावाल्यांना, भजनी मंडळांना वेळेत कळावं म्हणून हे लिहितोय.

आत नेमकं काय असतं

आपल्या जिल्ह्यात मिरजेला सतार-तंबोरे बनतात, २०२४ साली त्यांना जीआय मानांकनही मिळालं. तंबोऱ्याचा भोपळा तडकला तर कारागीर हातात घेऊन बघतो आणि त्याला कळतं काय झालंय. लाकूड स्वतःच सांगतं. कीबोर्डचं तसं नाही. झाकण उघडलं तर हिरवी पाटी आणि काळे चिप. त्यातून सनई कुठून येते हे बघून कुणालाच कळणार नाही. ती माहिती दोनच ठिकाणी असते, कंपनीच्या मॅन्युअलमध्ये आणि मशीनच्या मेमरीत. विहिरीवरच्या मोटारीच्या स्टार्टरचं झाकण उघडलं की आत वायरिंगचा कागद चिकटवलेला असतो ना, तसा कागद इथं दोनशे पानांचा असतो. आणि सेकंडहँड घेताना तो बहुतेक वेळा मिळतच नाही.

आपल्याकडं कुठल्याही कंपनीचा कीबोर्ड असला तरी लोक त्याला 'कॅसिओ'च म्हणतात. पण मेमरी समजून घ्यायची तर मागच्या पाटीवरचं कंपनीचं नाव आणि मॉडेल नंबर बघावाच लागतो, कारण प्रत्येकाची तऱ्हा वेगळी.

मोटामोटी तीन प्रकार धरा. पहिली कायमची मेमरी. कंपनीनं भरलेले आवाज त्यात असतात, ते बॅटरी गेली तरी जात नाहीत. दुसरी म्हणजे आपण बदल करून 'सेव्ह' केलेल्या टोनची मेमरी. १९८० आणि ९० च्या दशकातल्या बऱ्याच मशीनमध्ये ही मेमरी एका छोट्या बॅटरीवर जिवंत असते. लाईट बंद असताना तीच बॅटरी तिला धरून ठेवते. तिसरी अलीकडची फ्लॅश मेमरी, पेनड्राईव्हसारखी. तिला बॅटरी लागत नाही.

दुसऱ्या प्रकारातली बॅटरी बहुतेकदा सीआर२०३२ असते. नावातच माप आहे, २० मिलिमीटर रुंद आणि ३.२ मिलिमीटर जाड. तीन व्होल्टची. मनगटी घड्याळाच्या दुकानातही मिळते. पाच-सात वर्षं तर आरामात जाते, कधी पंधराही. म्हणूनच लोक तिला विसरतात. काही मशीनमध्ये ती खाचेत बसवलेली असते, काहींत थेट पाटीला डाग देऊन जोडलेली. १९८३ साली आलेल्या यामाहाच्या डीएक्स७ मध्ये ती डागलेली आहे. तिथं डागकाम येणारा माणूसच पाहिजे.

ती कशीही बसवलेली असो, ती काढली की दुसऱ्या प्रकारातलं सगळं पुसलं जातं असं धरूनच चालायचं. 'लाईट चालू ठेवून पटकन बदला' असा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. आत २३० व्होल्ट असतात.

टोन बाहेर कसे काढायचे

कीबोर्डच्या किंवा ऑक्टोपॅडच्या मागं पाच भोकांची गोल सॉकेट असतात, 'मिडी इन' आणि 'मिडी आउट'. १९८३ मध्ये वेगवेगळ्या कंपन्यांनी मिळून ही पद्धत ठरवली, म्हणून जपानी काय आणि अमेरिकन काय, सगळ्यांची सॉकेट सारखी. या वायरीतून फक्त सूर जात नाहीत. मशीनच्या पोटातली सगळी सेटिंगही एका लांब निरोपाच्या रूपात बाहेर पाठवता येतात. त्याला 'सिस्टिम एक्सक्लुझिव्ह', थोडक्यात 'सिसेक्स' म्हणतात, आणि पाठवण्याच्या क्रियेला 'बल्क डंप'. निरोपाच्या सुरुवातीलाच कंपनीचा नंबर असतो. रोलँडचा ४१, कॉर्गचा ४२, यामाहाचा ४३, कॅसिओचा ४४. त्यामुळं रोलँडची फाईल यामाहाला पाठवली तर तो ती घेतच नाही, पण बिघडतही नाही.

किती मोठी असते ही फाईल? डीएक्स७ मध्ये ३२ टोन बसतात. त्या ३२ टोनची फाईल फक्त ४,१०४ बाईटची होते. सकाळी ग्रुपवर येणारा गुड मॉर्निंगचा एक फोटो याच्या कितीतरी पट मोठा असतो. मिडीच्या वायरीतून सेकंदाला ३१,२५० बिट जातात, म्हणजे ते सगळे टोन दीड सेकंदाच्या आत बाहेर येतात. एका माणसाची वर्षांची मेहनत आणि वेळ एवढाच! हे वाचलं तेव्हा मला आमच्या सनईचं जास्तच वाईट वाटलं.

यासाठी लागतं काय, तर मिडी-यूएसबी इंटरफेस, म्हणजे एका टोकाला गोल पिना आणि दुसऱ्या टोकाला यूएसबी असलेली वायर, आणि एक कॉम्प्युटर. विंडोजवर 'मिडी-ऑक्स' आणि ॲपलवर 'सिसेक्स लायब्रेरियन' हे प्रोग्रॅम चालतात. कीबोर्डच्या 'आउट'मधून वायर घ्यायची, कॉम्प्युटरवर 'रिसीव्ह' लावून ठेवायचं आणि मग कीबोर्डवर बल्क डंपचा आदेश द्यायचा. हा आदेश कुठल्या मेन्यूत दडलाय ते प्रत्येक मॉडेलचं मॅन्युअलच सांगतं. काहीच आलं नाही तर वायरीची दोन टोकं अदलाबदल करून बघा. स्वस्त वायरींवर 'इन' आणि 'आउट' उलट समजुतीनं छापलेलं असतं. आणखी एक, अगदी स्वस्तातल्या वायरी सूर नीट पाठवतात पण लांब निरोप मध्येच तोडतात. म्हणून डंप दोनदा घ्यायचा. दोन्ही फाईलींचा आकार सारखा आला तर विश्वास ठेवायचा. वेगळा आला किंवा शून्य दिसला तर वायर बदला. तोपर्यंत बॅटरीला हात लावू नका.

बॅटरी बदलल्यावर तीच फाईल उलट्या दिशेनं परत पाठवायची. मशीन घेत नसेल तर 'मेमरी प्रोटेक्ट' नावाचं कुलूप लावलेलं आहे का बघा, डीएक्स७ मध्ये ते असतं. आणि पडद्यावर काहीही येवो, हाती डंप असल्याशिवाय 'फॅक्टरी रीसेट' किंवा 'इनिशियलाईज' दाबायचं नाही. पुष्कळ पोरं मशीन अडकलं की आधी तेच दाबतात.

आपल्याकडं सगळ्यात जास्त दिसतो तो रोलँडचा ऑक्टोपॅड, एसपीडी-२०. त्याला यूएसबी नाही, सगळा व्यवहार मिडीतून. आठ पॅड आणि ९९ पॅच, पण छोट्या पडद्यावर फक्त आकडे. पॅचला नाव देता येत नाही. म्हणजे फाईल वाचली तरी '३७ नंबर म्हणजे धनगरी ढोल' हे वाजवणाऱ्याच्या डोक्यातच राहतं. फाईलच्या जोडीला हा तक्ता लिहून ठेवला नाही तर फाईल अर्धीच समजा. नंतर आलेल्या एसपीडी-एस मध्ये कॉम्पॅक्टफ्लॅश कार्ड चालतं आणि एसपीडी-एसएक्सला यूएसबी आहे. त्यांचं काम सोपं, पण सोपं म्हणून तेही कुणी करत नाही.

फ्लॉपीवाले कीबोर्ड

रोलँडचे एक्सपी-५०, एक्सपी-६०, एक्सपी-८०, कॉर्गचा पहिला पीए-५०, यांना फ्लॉपीची खाच आहे. ऑर्केस्ट्रावाल्यांकडं हे अजून पेटीत बांधलेले सापडतात आणि बरोबर फ्लॉप्यांचा डबाही. सोनीनं जपानमध्ये फ्लॉपी विकणं मार्च २०११ मध्ये थांबवलं. आज ज्या फ्लॉप्या आहेत त्या सगळ्या जुन्याच, आणि आपल्या पावसाळ्यात त्यांच्या आतल्या चकतीवर बुरशी धरते. फ्लॉपीचं पत्र्याचं झाकण बोटानं हळूच सरकवून बघा. पांढरे ठिपके दिसले तर ती खाचेत घालू नका. ती तर वाचली जाणार नाहीच, वर ड्राईव्हचं हेडही खराब करेल आणि मग चांगल्या फ्लॉपीही जातील.

चांगल्या फ्लॉपीसाठी यूएसबीवर चालणारा फ्लॉपी ड्राईव्ह मिळतो. त्यातून फाईल कॉम्प्युटरवर घेता येतात. इथं एक धोका आहे. काही मशीनची फ्लॉपी लिहायची पद्धत कॉम्प्युटरपेक्षा वेगळी असते. मग कॉम्प्युटर विचारतो, 'डिस्क फॉरमॅट करायची का?' लाख वेळा विचारलं तरी 'नाही'च म्हणायचं. 'हो' म्हटलं की सगळं साफ. त्याआधी फ्लॉपीच्या कोपऱ्यातली छोटी खिडकी उघडी करून ठेवली तर तिच्यावर काही लिहिलंच जात नाही, हा जुना उपाय अजून कामाचा आहे. फ्लॉपीच्या जागी पेनड्राईव्ह लावायचा 'गोटेक' नावाचा डबा बसवून घेणारेही आहेत. चांगली सोय आहे, पण जुन्या फ्लॉपीतला माल आधी बाहेर काढून मगच.

वायर नाही, कॉम्प्युटर नाही, तरी

मोबाईल तर आहे. टोन निवडा, एडिटमध्ये जा आणि त्याचं एकेक पान पडद्यावर आणून फोटो काढा. एका टोनला वीस-तीस फोटो लागतील. कंटाळवाणं काम आहे, पण त्या आकड्यांवरून तो टोन पुन्हा हातानं बसवता येतो. ऑक्टोपॅडवाल्यांनी वही घ्यावी. पॅचचा नंबर, आठ पॅड, प्रत्येकाचा आवाज नंबर, लेव्हल, पिच, डीके. ९९ पॅच असले तरी खरे वाजणारे दहा-पंधराच असतात, दोन संध्याकाळी काम होतं. शिवाय प्रत्येक टोन एकटा, बाकी वाद्यं बंद ठेवून, दहा सेकंद रेकॉर्ड करा. खालचे सूर, मधले, वरचे. उद्या आकडे चुकले तर कानानं जुळवायला काहीतरी पाहिजे. यात्रेच्या व्हिडिओत ढोल-ताशाखाली काही कळत नाही. हे आम्ही भोगलंय.

फोटो ग्रुपवर टाकले म्हणजे जपले असं समजू नका. व्हॉट्सॲप फोटो दाबून लहान करतं, आकडे धूसर होतात. पाठवायचेच तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. मी सांगेन, एक प्रत पार्टीच्या मालकाच्या फोनमध्ये, एक पेनड्राईव्हवर, एक ईमेलच्या ड्राईव्हवर. गूगल खात्यात १५ जीबी जागा फुकट असते आणि टोनच्या फाईली तिच्या कोपऱ्यातही दिसणार नाहीत. पण त्या खात्याचा पासवर्ड एकट्या वाजवणाऱ्याकडं नको. तो पार्टी सोडून गेला की सगळंच गेलं, आणि पार्ट्या फुटतात हे तुम्हाला मी काय सांगू.

फाईलला नाव देताना 'न्यू१', 'फायनल' असलं देऊ नका. कंपनी, मॉडेल, काय आहे आणि तारीख. पाच वर्षांनी उघडणाऱ्याला कळलं पाहिजे.

मॅन्युअल कुठं मिळेल

बंद झालेल्या मॉडेलांची मॅन्युअल यामाहा, रोलँड, कॉर्ग, कॅसिओ या कंपन्या आपल्या साईटवर फुकट ठेवतात. यामाहाचं तर त्यासाठी वेगळं 'मॅन्युअल लायब्ररी' पान आहे. शोधताना मॉडेल नंबर मागच्या पाटीवर आहे तसाच, शेवटच्या अक्षरासकट टाका. 'ओनर्स मॅन्युअल' म्हणजे वापरणाऱ्याचं पुस्तक. 'सर्व्हिस मॅन्युअल' दुरुस्तीवाल्याचं, त्यात आतलं सर्किट असतं आणि ते कंपन्या सहसा उघड्यावर ठेवत नाहीत. पुष्कळ मॉडेलांसाठी 'मिडी इम्प्लिमेंटेशन' म्हणून एक भाग असतो, कधी मॅन्युअलच्या शेवटी, कधी वेगळा. तो बिनकामाचा वाटतो, पण बल्क डंपची किल्ली त्यातच असते. तोही उतरवून घ्या.

एक सावधगिरी. मॅन्युअल म्हणून पीडीएफच आली पाहिजे. फाईलच्या शेवटी एपीके किंवा ईएक्सई असेल, किंवा साईट कार्डचा नंबर मागत असेल, तर लगेच बाहेर या.

कंपनीच बुडाली तर? अमेरिकेतली एन्सोनिक ही कीबोर्डची नावाजलेली कंपनी १९९८ मध्ये दुसऱ्या कंपनीनं विकत घेतली आणि पुढं तिचं वेगळं अस्तित्व राहिलं नाही. तिच्या मशीनचे कागद आज मुख्यतः वापरणाऱ्यांनीच स्कॅन करून जपलेत. २०१५ मध्ये अमेरिकेच्या मेरीलँड राज्यात इलेक्ट्रॉनिक उपकरणांची जुनी मॅन्युअल विकणारं एक दुकान बंद होत होतं. इंटरनेट अर्काइव्हचे जेसन स्कॉट स्वयंसेवक घेऊन तिथं गेले आणि रद्दीत जाणारी हजारो मॅन्युअल खोक्यांत भरून बाहेर काढली. त्यात बहुतेक मोजमापाच्या उपकरणांची होती, पण तऱ्हा तीच. इंटरनेट अर्काइव्हवर वाद्यांचीही पुष्कळ मॅन्युअल सापडतात. तरी त्याच्या भरवशावरही राहू नका. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्या साईटवर हल्ला झाला आणि काही दिवस ती बंदच होती. जे सापडेल ते आपल्याकडं उतरवून ठेवायचं.

हातात कागदी मॅन्युअल असेल आणि नेटवर मिळत नसेल तर ते सगळ्यात मोलाचं. फोनच्या स्कॅनरनं किंवा महा ई-सेवा केंद्रात स्कॅन करून घ्या, कव्हर आणि शेवटचं पानसुद्धा. कायद्याचं म्हणाल तर मॅन्युअलवर हक्क कंपनीचा असतो. आपल्या वापरासाठी प्रत ठेवणं वेगळं आणि ती विकणं वेगळं. तुम्ही स्वतः बसवलेले टोन मात्र तुमचे आहेत. दुकानात पैसे देऊन 'इंडियन टोन' भरून घेतले असतील तर त्याच वेळी त्यांची फाईलही मागून घ्या. मागितली नाही तर देत नाहीत, आणि पुन्हा भरायचे तर पुन्हा पैसे.

हे फक्त आपल्या पार्ट्यांपुरतं नाही. मुंबईचे चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये रोलँडच्या टीआर-८०८, टीबी-३०३ आणि ज्युपिटर-८ वर रागांची एक तबकडी काढली. तेव्हा ती फारशी खपली नाही. २०१० मध्ये ती पुन्हा निघाली आणि जगभर गाजली. तबकडी होती म्हणून आवाज वाचला. टीबी-३०३ मध्ये बसवलेले सूर मात्र सेल आहेत तोवरच राहतात. उलट डीएक्स७ च्या त्या चार हजार बाईटच्या फाईली लोकांनी जपल्या, म्हणून आज मशीन नसलं तरी 'डेक्स्ड' नावाच्या फुकट प्रोग्रॅममध्ये टाकून त्याच टोनवर वाजवता येतं.

आमच्या पार्टीनं शेवटी मॅन्युअल शोधलं. बॅटरी बदलायच्या आधी डेटा बाहेर घ्या, असं त्यात चौकट करून छापलेलंच होतं. जुन्या यात्रेच्या एका व्हिडिओत पालखी उचलायच्या आधी वीस सेकंद सनई एकटी ऐकू येते. ती कानाला लावून पोरानं तीन आठवडे रात्री बसून टोन जुळवला. पालखीपुढं वाजवला तेव्हा जुने लोक म्हणाले, "जवळ आलाय, पण तो नव्हे." संबळ तर कुठल्याच व्हिडिओत नीट सापडला नाही.

नवा टोन आता तीन ठिकाणी आहे. कीबोर्डच्या खालच्या बाजूला पांढरी पट्टी चिकटवलीय, तिच्यावर मार्करनं बॅटरी बदलल्याची तारीख, आणि शेजारी फाईल कुणाकुणाकडं आहे त्या तिघांची नावं.